लावणीनंतरचा ताप, लेप्टो आणि देवघराच्या फळीवरच्या गोळ्या

बांधावरचा_बगळा (कुडाळ तालुका)

काका काल घरी आले. आत्ता पडवीत बसून उकड्या तांदळाची पेज जेवतायत आणि सोबत लोणचं का नाही म्हणून काकीशी भांडतायत, म्हणजे बरे आहेत. मधले वीस दिवस घराने जे काढले ते इथे लिहून ठेवतो. लावणी संपली असली तरी बेणणीला, म्हणजे तण काढायला, माणसं परत चिखलात उतरणारच आहेत.

आमची लावणी २९ जून ते ३ जुलै. यंदा गडी मिळाले नाहीत, म्हणून काका स्वतः पाच दिवस कुणग्यात, म्हणजे भातखाचरात. वय ५८. टाचांना भेगा, बोटांच्या बेचक्यात चिखल्या. रात्री भिरंडेल (कोकमाच्या बियांचं तेल) तापवून भेगांत भरायचं आणि सकाळी परत चिखलात. १० जुलैला संध्याकाळी थंडी वाजून ताप भरला. पाऊस अंगावर घेतला म्हणून आला असणार, असं घरातल्या सगळ्यांनी ठरवलं, मीही त्यात. दुसऱ्या दिवशी बाजारातल्या एका डॉक्टरांकडे गेलो. एक इंजेक्शन, तीन रंगांच्या गोळ्या, "व्हायरल आहे". त्यांना फार दोष देत नाही. कुठे काम करत होतात हे त्यांनी विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही.

खरं तर दोन गोष्टी तेव्हाच समोर होत्या. काकी पाय चेपायला बसली, तर पोटरीला हात लागताच काका ओरडले. म्हशीची लाथ खाऊन हूं की चूं न करणारा माणूस. आणि डोळे. लालबुंद, पण चिपडं नाहीत, पाणी नाही, खाज नाही. काकी म्हणाली डोळे आलेत, गुलाबपाणी घाला. घातलं.

पाचव्या दिवशी त्या लालात पिवळा मिसळला. लघवी कोऱ्या चहासारखी. इथे आम्ही शहाणपणाचा कळस केला. कावीळ म्हटल्यावर शेजारच्या गावात झाडपाल्याचं औषध देणाऱ्याकडे नेलं. दोन दिवस ते औषध, तेल-तूप-हळद बंद, उसाचा रस चालू. सातव्या दिवशी दिवसभरात लघवी झाली ती कपभर. रात्री आशाताई सहज डोकावली. तिने एकच विचारलं, "काका लावणीक होते काय?" आणि उत्तर ऐकायच्या आत रिक्षावाल्याला फोन लावला.

पुढे आरोग्य केंद्र, १०८, जिल्ह्याचं ठिकाण आणि शेवटी बांबोळी, म्हणजे गोव्याचं मेडिकल कॉलेज. निदान लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. चार वेळा डायलिसिस.

जाणकारांना विचारायचंय. पायातून शिरलेला जंतू किडनीपर्यंत पोचतो कसा? कावीळ झाली म्हणजे काकांचं यकृत कायमचं गेलं का? आणि तिसरं, जे मला झोपू देत नाही : जूनमध्ये वाडीत लेप्टो होऊ नये म्हणून गोळ्या वाटल्या होत्या. त्या देवघराच्या फळीवर, उदबत्तीच्या पुड्याखाली, तशाच सापडल्या. घेतल्या असत्या तर?

---

व्हाळातलो_मासो

काकांका जपा रे. आमच्या वाडीत दोन वर्सांपूर्वी असोच एक झिलगो गेलो. चोवीस वर्सांचो. तेकाय पयले चार दिवस तापाच्योच गोळ्यो. पाचव्या दिवशी खोकल्यातसून रगत इला, आणि गाडी घाटात असतानाच सगळा संपला. आवशीक अजून कोणी लेप्टो म्हटला की ती उठान आत जाता.

---

पागोळी

बगळे, काकांना नमस्कार सांगा आणि लोणचं अजून थोडे दिवस नको म्हणावं, किडनीला मीठ कमीच बरं. मी दक्षिण कोकणातल्या एका आरोग्य केंद्रात काम करते. जुलै-ऑगस्टमध्ये आमची ओपीडी म्हणजे ताप, साप आणि विंचू. जरा सविस्तर लिहिते.

जंतूचं नाव लेप्टोस्पायरा. मळसूत्रासारखा पिळलेला आणि इतका बारीक की नेहमीसारखी रंगवलेली काच साध्या सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर दिसत नाही. काळ्या पार्श्वभूमीवर बाजूने उजेड पाडला की चमकत, वळवळत जाताना दिसतो. टोकं आकड्यासारखी वाकलेली. एकूण आकार प्रश्नचिन्हासारखा, म्हणूनच त्याच्या एका जातीचं नाव इंटेरोगन्स. त्याचं खरं घर उंदराच्या मूत्रपिंडात. उंदराला काही होत नाही, पण तो लघवीतून जंतू टाकत राहतो. घुशी, गुरं, कुत्री, डुकरं यांच्यातही तो असतो. ऊन लागलं, जागा सुकली की मरतो. ओल्या, फार आंबट नसलेल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात मात्र आठवडेच्या आठवडे टिकतो. आता आपला मळा डोळ्यांसमोर आणा. बांधात उंदरांची बिळं, खाली नळगुडघ्याएवढं पाणी, त्यात दिवसभर वाकलेली माणसं.

शिरायला मोठी जखम लागत नाही. पाच-सहा तास भिजून पांढरी, सुरकुतलेली झालेली कातडी त्याला पुरते. चिखल्या म्हणजे तर उघडं दार. चिखलाच्या हाताने डोळा चोळला तरी तो आत जातो. मग साधारण पाच ते चौदा दिवस काहीच कळत नाही. काकांचं गणित बघा, लावणी आणि ताप यांत सात ते अकरा दिवस. त्यामुळेच लोकांना लावणीची आठवण राहत नाही. "कालच्या पावसात भिजलो" हे आठवतं, दहा दिवसांपूर्वीचा मळा आठवत नाही.

रक्तात आल्यावर या जंतूला एक फायदा मिळतो. अशा जंतूंच्या अंगावरचं स्निग्ध आवरण ओळखून हाकाटी करणारे पहारेकरी आपल्या पेशींवर असतात. त्यातल्या एकाला, टीएलआर-४ म्हणतात त्याला, लेप्टोस्पायराचं आवरण नीट ओळखू येत नाही. हाकाटी उशिरा होते, तोवर हा सगळीकडे पोचलेला असतो. मळसूत्र फिरवत रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या पेशींच्या फटींमधून आरपार जातो. वाहिन्या झिरपायला लागतात. डोळ्यांतला लालपणा या वाहिन्यांचाच, म्हणून त्यात चिपडं नसतात. पोटऱ्यांचे स्नायू दुखावतात. फुप्फुसात वाहिन्या झिरपल्या की खोकल्यातून रक्त, आणि माशाने लिहिलंय तसं तिथे हातात फार थोडे तास उरतात.

किडनीत तो लघवी गाळणाऱ्या बारीक नळ्यांत जाऊन बसतो. उंदरात नेमका तिथेच राहतो, पण आपल्या नळ्यांना ते सोसत नाही, त्या सुजतात. यकृताचं ऐका, यात दिलासा आहे. तिथल्या पेशी मोठ्या संख्येने मरत नाहीत. त्यांच्यातले जोड सैल होतात आणि पित्त रक्तात गळतं. माणूस हळदीसारखा पिवळा दिसतो, पण जंतू गेला की यकृत पूर्ववत होतं. किडनीही बहुतेकांची परत येते. डायलिसिस म्हणजे तेवढे दिवस काढून देणारा पूल समजा.

झाडपाल्याबद्दल जास्त बोलत नाही, भांडण होतं. एवढंच सांगते, दूषित पाण्याने होणारी नेहमीची कावीळ बहुतेकांची आपोआप उतरते आणि श्रेय त्या पुडीला जातं. लेप्टोची कावीळ वाट बघत बसत नाही.

औषधाकडे येते. सौम्य आजारात डॉक्सीसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सात दिवस. गंभीर असेल तर शिरेतून पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रियाक्सोन. पेनिसिलिन जंतूला त्याची भिंत बांधू देत नाही. आपल्या पेशींना भिंतच नसते, म्हणून आपल्याला अपाय नाही. डॉक्सी जंतूच्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रात, रायबोसोममध्ये, खीळ घालते. आपलं ते यंत्र वेगळ्या घडणीचं. दोन्ही औषधं जुनी आणि स्वस्त आहेत, आणि दवाखान्यात त्यांना लेप्टो अजून जुमानतो. अडतं ते वेळेत. वाहिन्या झिरपून फुप्फुस भरल्यावर जंतू मेला तरी झालेलं नुकसान तिथेच राहतं.

गोळ्यांबद्दल रात्री लिहिते, ओपीडीत रांग आहे.

---

तिरफळ

माहिती छान, पण एक शंका. आमचे आजे-पणजे जन्मभर अनवाणी नांगर धरत होते. तेव्हा कुठे होता लेप्टो? औषध कंपन्या आल्या की रोग येतात, असं माझं निरीक्षण आहे.

---

बांधावरचा_बगळा

तिरफळ, आमच्या पणजोबांचा धाकटा भाऊ "पिवळा पडून आठ दिवसांत" गेला, महिना श्रावण. घरात अजून सांगतात की त्याला देवचाराने धरलं होतं. रोग होता, नाव नव्हतं.

---

लॅबवाला

नाव तसं जुनं आहे. १८८६ मध्ये जर्मनीत वाईल नावाच्या डॉक्टरांनी ताप, कावीळ आणि मूत्रपिंड बिघडणं हे तिन्ही एकत्र असलेला आजार वर्णन केला, त्याला अजून वाईल्स डिसीज म्हणतात. जंतू हाती लागला पहिल्या महायुद्धाच्या काळात, जपानमध्ये, इनाडा आणि इडो यांना. अंदमानात कित्येक वर्षं "अंदमानचा रक्तस्रावी ताप" म्हणून ओळखला जाणारा आजार तपासला तर लेप्टोच निघाला. आणि २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोने काय केलं ते इथल्या अर्ध्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलंय. तिथे कोणी नांगर धरत नव्हतं.

माझं काम रक्त तपासायचं, तर त्यातलं सांगतो. लोक तापाच्या दुसऱ्याच दिवशी येतात, "लेप्टोची टेस्ट करा". आम्ही करतो ती बहुतेक आयजीएम, म्हणजे शरीराने बनवलेल्या प्रतिपिंडांची. ती तयार व्हायलाच पाच-सात दिवस लागतात. दुसऱ्या दिवशी निगेटिव्ह आली म्हणजे लेप्टो नाही असं होत नाही, पण लोक कागद घेऊन आनंदाने घरी जातात. सुरुवातीला जंतूचा अंश शोधणारी पीसीआर उपयोगी, पण ती सगळीकडे होत नाही.

साध्या तपासण्यांत मात्र बरंच दिसतं. नेहमीच्या काविळीत एसजीपीटी, म्हणजे यकृताच्या पेशी फुटल्या की रक्तात वाढणारा घटक, हजारांत जातो. लेप्टोत बिलिरुबिन (काविळीचा पिवळा रंग) भरमसाट आणि एसजीपीटी दोनशेच्या आतबाहेर, असं विचित्र जोडपं दिसतं. वर सीपीके वाढलेला, म्हणजे स्नायू फुटलेत. प्लेटलेट कमी, क्रिएटिनिन वर, म्हणजे किडनी बिघडलीय. असा कागद प्रिंटरमधून बाहेर आला की मी पेशंटला देत नाही, थेट डॉक्टरांना फोन करतो.

---

पागोळी

लॅबवाल्यांना अनुमोदन. म्हणूनच आम्ही रिपोर्टची वाट बघत औषध थांबवत नाही. पावसाळा, ताप, मळा आणि पोटरी एवढं जुळलं की डॉक्सी सुरू.

---

सड्यावरची_करवंदं (देवगड)

मला गेल्या वर्षी झालेला, सौम्य. पहिली गोळी घेतली आणि तीन तासांत अशी थंडी भरली की तीन घोंगड्या पुरेनात. सासूबाई म्हणाल्या औषध उलटलं, बंद कर. केलं असतं, पण नवऱ्याने ऐकलं नाही. हे काय होतं?

---

पागोळी

तुमच्या नवऱ्याला माझ्याकडून शाबासकी. पहिल्या डोसने जंतू एकदम फुटतात, त्यांच्या अंगातला ऐवज रक्तात सांडतो आणि शरीर खवळतं. काही तासांत शांत होतं. सगळ्यांना होत नाही. झालं तर डॉक्टरांना सांगायचं, गोळी सोडायची नाही.

आता जूनच्या गोळ्या. लावणीच्या दिवसांत आठवड्यातून एकदा डॉक्सी २०० मिलिग्रॅम, साधारण सहा आठवडे, चिखलात उतरणाऱ्यांसाठी. लोक घेत नाहीत याचं खरं कारण मला वाडीत फिरल्यावर कळलं. उपाशीपोटी, घोटभर चहाबरोबर गिळतात आणि तसेच आडवे होतात. गोळी अन्ननलिकेत अडकते, छाती जळते, उलटी होते. एकाला झालं की अख्खी वाडी गोळ्या फळीवर ठेवते. जेवून, तांब्याभर पाण्याबरोबर घ्यायची आणि निदान अर्धा तास बसून राहायचं. दूध, आम्लपित्ताचं औषध, लोहाच्या गोळ्या तिच्यासोबत नकोत, ती अंगात नीट शोषली जात नाही. उन्हात कातडी लवकर भाजते हेही खरं, पण आपल्या जुलैत ऊन आहे कुठे.

---

रत्नांग्री_हापूस

अख्ख्या गावाला अँटिबायोटिक वाटणं मला पटत नाही. एकीकडे विनाकारण अँटिबायोटिक घेऊ नका सांगायचं, आणि दुसरीकडे पिशव्या भरून वाटायची. याने उद्या दुसरेच जंतू निर्ढावतील त्याचं काय? आणि याचा उपयोग होतो हे सिद्ध तरी झालंय का?

---

लॅबवाला

उपयोगाबद्दल दोन अभ्यास माहीत असावेत असे आहेत. एक पनामाच्या जंगलात सराव करणाऱ्या अमेरिकन सैनिकांवरचा, १९८४ मध्ये छापून आलेला. सुमारे ९४० जण. काहींना दर आठवड्याला डॉक्सी २००, बाकीच्यांना तशीच दिसणारी निरुपद्रवी गोळी. डॉक्सीवाल्यांत लेप्टो झाला एकाला, दुसऱ्या गटात वीस जणांना. दुसरा आपल्याच अंदमानातला, २००० सालचा. तिथे जंतूचा शिरकाव दोन्ही गटांत सारखाच झाला, पण प्रत्यक्ष आजारी पडणारे डॉक्सीवाल्यांत कमी. म्हणजे गोळी दार बंद करत नाही, आत आलेल्याला हातपाय पसरू देत नाही.

---

पागोळी

हापूस, तुमची काळजी खोटी नाही. वर्षभर, सगळ्यांना, असं कोणी देत नाही आणि देऊही नये. लेप्टो डॉक्सीला निर्ढावल्याचं दवाखान्यात तरी दिसलेलं नाही, पण पोटातले, कातडीवरचे बाकी जंतूही तीच गोळी खातात. म्हणून ठरावीक आठवडे आणि चिखलात जाणारेच. दुकान सांभाळणाऱ्याने शेजाऱ्याच्या वाट्याची गोळी घेऊ नये. मला अधिक राग येतो तो साध्या सर्दीला तीन दिवस अझिथ्रो देणाऱ्यांचा, आणि तिथे कोणी धागा काढत नाही.

---

चाकरमानी_डोंबिवली

गणपतीला गावी येतोय. बायकोला पाचवा महिना, मुलगा सहा वर्षांचा. आम्हीही डॉक्सी सुरू करावी का? घाबरून विचारतोय.

---

पागोळी

घाबरू नका आणि डॉक्सी घेऊ नका. गरोदर बाईला ती देत नाही, एवढ्या लहान मुलालाही प्रतिबंधासाठी देत नाही, बाळाच्या दातांवर-हाडांवर परिणामाची भीती असते. आरतीला येणाऱ्यांना गोळीची गरजच नाही. मुलाला व्हाळात नि गोठ्याच्या चिखलात अनवाणी सोडू नका, उंदीर फिरणाऱ्या माळ्यावरचे डबे, सोडावॉटरच्या बाटल्या धुतल्याशिवाय तोंडाला लावू नका. परत गेल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आलाच, तर डोंबिवलीच्या डॉक्टरांना "कोकणात जाऊन आलो" हे पहिल्या वाक्यात सांगा. गरोदर बाईला लेप्टो झाला तर पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं आहेत, ती चालतात.

---

घावणे_रस (दोडामार्ग)

आमच्याकडे २०१६ पासून माकडतापाची धास्ती. त्यालाही हीच गोळी चालते असं काजूच्या बागेतले कामगार म्हणतात. खरं काय?

---

पागोळी

चालत नाही, आणि हा गैरसमज महागात पडेल. माकडताप विषाणूचा. विषाणूला स्वतःची भिंत नाही, रायबोसोम नाही. तो आपल्या पेशीत घुसून आपलंच यंत्र वापरतो. पेनिसिलिनने फोडायचं काय आणि डॉक्सीने अडवायचं काय? डेंग्यूचं तसंच. तिथे पाणी, रक्तदाब, प्लेटलेट सांभाळत शरीराला वेळ द्यायचा असतो. माकडताप गोचिडीतून येतो, साधारण डिसेंबर ते मे, सुक्या पाल्यात. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य खात्याला कळवा. कामगारांच्या बोलण्यात एक धागा खरा असू शकतो : स्क्रब टायफस. तो बारीक किड्याच्या चाव्याने होतो, जंतू जिवाणूच, आणि त्याला डॉक्सी चालते. चाव्याच्या जागी विडीचा चटका बसल्यासारखा काळा डाग पडतो. काखेत, जांघेत शोधावा लागतो, पेशंटला स्वतःला बहुतेक वेळा माहीतच नसतो.

आणि बाबांनो, पावसाळी तापात अंगदुखीला डायक्लोफेनाकची सुई घेऊ नका. डेंग्यू असेल तर रक्तस्राव, लेप्टो असेल तर किडनी. पॅरासिटामॉलवर भागवा.

---

व्हाळातलो_मासो

एकदा होवन गेलो म्हंजे परत होणा नाय, बरा मा? काकांका आता रान मोकळा.

---

लॅबवाला

नाही हो. या जंतूचे अडीचशेच्या वर उपप्रकार आहेत. एकाविरुद्ध तयार झालेली ताकद दुसऱ्याला फारशी पुरत नाही. माणसांसाठी सर्वत्र चालेल अशी लस नसण्याचं तेही एक कारण. कुत्र्यांना मात्र मिळते, त्यांच्या दरवर्षीच्या इंजेक्शनात काही उपप्रकार असतात. पाळलेला असेल तर टोचून घ्या.

---

बांधावरचा_बगळा

सगळ्यांचे आभार. वरचं सगळं काकांना वाचून दाखवलं. यकृत कायमचं गेलेलं नाही हे ऐकल्यावर त्यांनी पहिली गोष्ट विचारली ती लोणच्याचीच.

माहितीपत्रकात गमबूट घाला असं लिहिलंय. काका म्हणाले, घालून दाखव. काल मी घालून बेणणीला उतरलो. तिसऱ्या पावलाला उजवा बूट चिखलात राहिला आणि मी पुढे, अनवाणी पाय पाण्यात. काकी अजून हसतेय. कोणाला चिखलात न रुतणारं काही माहीत असेल तर जरूर सांगा. तोवर घरी आल्याबरोबर साबणाने पाय धुणं, पुसून सुकवणं आणि चिखल्यांवर मलम, एवढं चालू आहे. भिरंडेल चालतं का, ते डॉक्टरांना विचारायचं राहिलं.

बेणणी संपेपर्यंतच्या गोळ्यांसाठी वार ठरवायचा होता. आरोग्य केंद्रात विचारून आलो. काकांची गोळी डॉक्टर सांगतील तशी, ते तसेही अजून दोन महिने मळ्यात उतरणार नाहीत. बाकी आम्ही चौघं. मी रविवार म्हटलं, काकी म्हणाली रविवारी मासे असतात, कोणाला शुद्ध नसते. सोमवारी घरात बांगडा नाही, हे आमच्याकडे लहान पोरसुद्धा सकाळपासून विसरत नाही. म्हणून सोमवार. पुडा आता उदबत्तीखालून काढून मिठाच्या बरणीशेजारी ठेवलाय.